संदेशच्या लग्नाचे पुरावे

एका ऑफिसात पंधरा वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात, गोळा करायला जावं लागत नाही. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या पेंटच्या फॅक्टरीत मी ॲडमिन सांभाळते, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठलेत. त्यातले निम्मे एकट्या संदेशचे!

संदेश आमच्या क्वालिटी विभागातला, डोंबिवलीचा. त्याची बायको केतकी जन्मली नाशकात, पण लहानपणीच आईवडिलांबरोबर कॅनडाला गेली आणि तिथलीच नागरिक झाली. कुणाच्या तरी लग्नात दोघांची ओळख झाली, दोन वर्षं फोनवर गेली, मग यांचंही लग्न झालं. लग्नानंतरची तीन वर्षंसुद्धा फोनवरच! शेवटी केतकीने नवऱ्याला स्पॉन्सर केलं. त्याला तिकडची पर्मनंट रेसिडेन्सी मिळाली तरच संसार सुरू होणार होता. फक्त लग्न खरं आहे, एवढं सिद्ध करायचं होतं. "त्यात काय!" असं आम्ही सगळेच म्हणालो.

*

पहिला पुरावा चॅटचा. भाषांतराला देण्याआधी संदेशने प्रिंटचा गठ्ठा माझ्याकडे आणून दिला. "ताई, तुम्हीच चाळा. खासगी काही असेल तर काढून टाका."

मी तो करामा भागातल्या माझ्या घरी नेला आणि चहा घेत दोनशे पानं वाचली. "जेवलास?" "हो." "काय?" "भेंडी." "परत?" बस, एवढंच! खासगी म्हणावं असं एकच सापडलं, त्याला ॲसिडिटी झाली होती.

माझ्या लेकीने खांद्यावरून डोकावत चार पानं वाचली. "आई, आर दे मॅरीड, ऑर इज धिस अ फूड डिलिव्हरी ॲप?"

*

मग फोटो. लग्नाचे चारशे फोटो होते. एकात मध्ये अंतरपाट, दुसऱ्यात मध्ये आत्या. सप्तपदीच्या वेळी कॅमेऱ्यासमोर नेमका मामा उभा! बरं, केतकी दुबईला आली तेव्हाचे बघावेत, तर समुद्रावर तिचे याने काढलेले आणि याचे तिने.

"अरे, कुणाला तरी सांगायचं ना, दोघांचा एक काढा म्हणून!"

"अनोळखी माणसाला कसं सांगणार, ताई?"

आमच्या अकाउंट्समधल्या वसईच्या फ्रान्सिसने सगळे फोटो शांतपणे पाहिले. "संदेश, यावरून एवढंच सिद्ध होतंय की तुम्ही अजून भेटलेला नाहीत!"

*

ओळखीच्या लोकांची पत्रंही लागत होती. आमचा मॅनेजर अबू समीर जॉर्डनचा आणि भयंकर तापट. त्याला विचारायची कुणाची छाती नव्हती. एक दिवस तो स्वतःच आला. "यल्ला, चल, मी पण लिहितो."

लिहिलं काय? "हा माणूस कामाच्या वेळेत स्टोअर रूममध्ये बायकोशी फोनवर बोलतो. मी त्याला तीनदा पकडलं आहे." आणि पुरावा म्हणून त्याने तिन्ही वॉर्निंग मेमो जोडले, कंपनीच्या शिक्क्यासकट!

संदेश चाचरत म्हणाला, "सर, हे लावलं तर माझं सर्व्हिस रेकॉर्ड खराब दिसेल."

"हबीबी, तुला रेकॉर्ड पाहिजे की बायको?"

*

आठ महिन्यांनी कॅनडाच्या व्हिसा ऑफिसकडून इंटरव्ह्यूचं पत्र आलं, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. लग्न खरं असल्याची त्यांची खात्री पटत नव्हती. अर्ज फेटाळला तर अपिलात आणखी कितीतरी वर्षं जाणार. संदेश जेवणाचा डबा न उघडताच घरी न्यायला लागला. मला त्याचं फार वाईट वाटायचं. एवढं सरळ, खरं लग्न, आणि पोराला ते दाखवता येईना.

मग लंच टाइममध्ये मीच ऑफिसर झाले आणि तालीम सुरू केली.

"केतकी चिडली की काय करते?"

"भांडी घासते."

"तिकडे डिशवॉशर नाही?"

"आहे ना! म्हणून तर जास्त चिडते."

फ्रान्सिस म्हणाला, "ताई, सोडा त्याला. जे आहे तेच सांगू दे. खोटं त्याला झेपणार नाही."

*

इंटरव्ह्यू अबुधाबीला होता. पासपोर्ट ठेवून घेतला तर काम झालं, हातात परत दिला तर खलास, असं वकिलाने सांगून ठेवलं होतं. फ्रान्सिसने गाडीने नेलं, मी सोबतीला गेले. आत काय झालं ते बाहेर आल्यावर संदेशने जसंच्या तसं सांगितलं.

ऑफिसर एक पन्नाशीची बाई होती, दिसायला आपल्याकडचीच, पण बोलत होती कडक इंग्रजीत. अर्धा तास तिने फाईल उलटीपालटी केली. चेहऱ्यावर काही नाही. मग विचारलं, "मागच्या वेळी तुमची पत्नी दुबईत तुमच्या फ्लॅटवर पंधरा दिवस राहिली. पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपायची?"

संदेश म्हणाला, "आईच्या डावीकडे."

बाईचं टायपिंग थांबलं. "कुणाच्या आईच्या?"

"माझ्या. आईबाबा पण आले होते ना तेव्हा. बायका आतल्या खोलीत, आम्ही बापलेक हॉलमध्ये."

बाईने कीबोर्ड बाजूला सारला. मग पहिल्यांदाच हिंदीत बोलली.

"सास खर्राटे लेती है?"

"हां जी. बहुत."

बाईने उसासा टाकला, खण उघडला आणि त्याचा पासपोर्ट आत टाकला.