दात दुधात, आई श्रीगोंद्यात

जामखेडला दातांचा दवाखाना चालवायचा म्हणजे दात कमी निघतात आणि गोष्टीच जास्त. शिकताना वाटलं होतं, लोक दुखणारा दात घेऊन येतील. इथे लोक पडलेला दात खिशात घेऊन येतात, आणि काही जण तो घरीच विसरतात. आमची मदतनीस शकूताई म्हणते, "मॅडम, लिहा की हे." लिहायला बसलं की मात्र या सगळ्या गर्दीतून एकच पोरगी सारखी पुढे येते.

*

आधी पत्र्याची गोष्ट सांगते. एका दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडावर हातपंपाचा दांडा बसला आणि समोरचा पक्का दात मुळासकट बाहेर आला. असा दात तासाभरात जागेवर बसवला तर जगू शकतो. मी विचारलं, "दात कुठाय?"

"पत्र्यावर फेकला," बाप म्हणाला. "उंदराला."

"अहो, तो दुधाचा दात फेकतात!"

"आमी सगळेच फेकतो. रीत हाय."

घरी फोन गेला. निम्मी आळी पत्र्यावर चढली आणि कुणीतरी मोटारसायकलवरून तीन दात आणून दिले. मुलाचा मी ओळखला आणि बसवला. बाकीचे दोन कुणाचे, ते अजून ठरलेलं नाही.

*

ती पोरगी म्हणजे रेणू, तिसरीतली. दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. रेणूचे आईबाप श्रीगोंद्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये बसले आणि ही मागे पळत सुटली. लक्ष सगळं आईच्या हलणाऱ्या हाताकडे. खडीवर आपटली, समोरचा पक्का दात अर्धा तुटला. ट्रॅक्टर तोवर वळणापलीकडे गेला होता.

आत्या तिला घेऊन आली. तुकडा रेणूच्या मुठीतच होता. नस उघडी पडली नव्हती, तुकडाही नीट जुळत होता. म्हटलं, "आत्ता चिकटवते, कुणाला कळणारसुद्धा नाही."

"नको," रेणू म्हणाली. "आईनं बघितला न्हाई अजून."

आत्यानं दटावलं, शकूताईनं लाडीगोडी लावली. मिटलेलं तोंड काही उघडेना. शेवटी तुटलेल्या जागेवर औषधाचा थर तेवढा लावू दिला. तुकडा पाण्याच्या बाटलीत घालून मी कपाटात ठेवला.

*

दरम्यान गावाला शहाणं करायचं मी मनावर घेतलं होतं. येईल त्याला सांगायचे, दात पडला तर मुळाला हात लावू नका, घासू नका, दुधात टाका आणि पळत या. तरी एका कबड्डीवाल्यानं दात राखुंडीनं घासघासून आणला. मुळावरच्या नाजूक पेशी पार गेलेल्या. मी वैतागले, तर म्हणतो, "तुमच्याकडं घाण दात कसा आणायचा, मॅडम?"

दुसऱ्याला फोनवरच बजावलं, दुधात टाका. तो डेअरीला निघालेला कॅनच घेऊन आला. दात तळाला. शकूताई चहाच्या गाळणीनं दूध गाळत बसली आणि मी घड्याळाकडे बघत. दात सापडला, जागेवर नीट बसलाही. जाताना त्यानं हळूच विचारलं, "आता हे दूध डेअरीला घालू का?"

*

रेणू दर बाजाराच्या दिवशी आत्याबरोबर यायची. "वाळला न्हाई ना?" मी बाटली दाखवायचे. मग ती माझ्या फोनवरून आईशी बोलायची.

आई म्हणायची, "बसवून घे गं बाई. मुकादम सोडत न्हाई."

"तू ये. मंग बसवते."

फोन ठेवल्यावर नुसती फोनकडे बघत राहायची. माझंही मन लागेनासं झालं. दारात कुणी अनोळखी बाई दिसली की वाटायचं, हीच रेणूची आई असावी. असायची दुसरीच कुणीतरी, दाढदुखीवाली.

आणि एका दुपारी ती खरंच आली. एका दिवसाची सुट्टी काढून, पाचटानं ओरबाडलेले हात घेऊन, लेकीसाठी उसाचं कांडं घेऊन. आई खुर्चीत बसली आणि रेणू तिच्या मांडीवर. तशीच दोघींना आडवं करून मी तुकडा चिकटवला. आईनं आरसा धरला, लेकीनं त्यात आईलाच बघितलं. माझे डोळे भरून आले, मास्क होता म्हणून बरं.

मी दम भरला, "आता कडक काही चावायचं नाही. आणि ऊस तर दातानं सोलायचाच नाही."

"सोलला तर?" रेणूनं विचारलं.

"तुकडा परत निघेल."

"खरंच?"

"खरंच."

आई संध्याकाळच्या एसटीनं श्रीगोंद्याला गेली.

*

पुढच्या बाजाराला रेणू आत्याच्या पुढे पळत आली. दोन्ही हातांत स्टीलचा पेला, वर ताटली झाकलेली. दवाखान्यात आली तशी उसाचा गोड वास आला. तिनं पेला सांभाळून माझ्या टेबलावर ठेवला.

"घासला न्हाई. मुळाला हात लावला न्हाई. दुधात घातलाय," ती म्हणाली. "आता आईला फोन लावा."