धुऱ्यावरून गाणं

संधिवात जडल्यावर डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं आणि वाकून काम करायला मनाई केली. गोळ्या, गरम पाण्याचा शेक, सकाळचा व्यायाम मी नेमानं करते. बोटं आता वेणी घालण्याइतकी वळतात.

दवनीवाड्याला आमच्या धानाच्या रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, ओळीच्या टोकाची बाई गाणं सांगते आणि बाकीच्या ते झेलतात. ती जागा माझी होती. यंदा मी डबा आणि घडीची खुर्ची घेऊन नुसती बघायला गेले. धाकट्या जावेनं चिखलातूनच विचारलं, "बाई, गुडघे दुखून राहिले, गळा तं नाई ना?"

"नाही."

"मंग मुकी काऊन? बस धुऱ्यावर अन् सांग गाणं. आमी का मोबाईल लावून रोवू?"

बायका हसल्या. मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, खुर्ची टेकवली आणि पहिली ओळ म्हटली. त्यांनी ती झेलली.

रोवताना पाय मागे पडतात. तोंडं माझ्याकडे ठेवून त्या पावलापावलानं दूर जात होत्या. ओळीत माझ्या टोकाच्या जागी आता जाऊ होती. त्यांना ऐकू जावं म्हणून आवाज चढवत मी त्यांच्या पायांखालचा चिखल बघत राहिले.