माघाचं पाणी आणि दारूचा दाखला

“बाकीचा फॉर्म मी भरून आणलाय, डॉक्टरसाहेब. तुम्ही फक्त सही करा,” असं म्हणत पोलीस चौकीच्या शिर्के जमादारांनी कागद माझ्या टेबलावर ठेवला.

सकाळचे पावणेआठ वाजले होते. समोरच्या बाकावर गावच्या मराठी शाळेचे हेडमास्तर, लिमये मास्तर, भिंतीला टेकून बसले होते. टोपी वाकडी, डोळे अर्धवट मिटलेले. प्रार्थनेच्या वेळी ते शाळेच्या पटांगणात झोकांड्या खात आले, मुलांसमोर काहीतरी बरळले आणि झेंड्याच्या खांबाला धरून खाली बसले, असं जमादारांचं म्हणणं होतं. हे सगळ्या शाळेने पाहिलं होतं.

मुरुडपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात मी तेव्हा सरकारी दवाखान्यात नवीन होतो. जिल्ह्याचं नाव त्या वेळी कुलाबा होतं आणि दारूबंदीची ती सुरुवातीची वर्षं होती. पोलिसांनी प्यायलेला म्हणून कुणाला पकडलं की त्याला आमच्याकडे आणायचे. आम्ही तपासून दाखला द्यायचा. तो दाखला शाळाखात्याकडे गेला असता तर मास्तरांची तीस वर्षांची नोकरी त्याच दिवशी संपली असती. गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती ती वेगळीच.

फॉर्म आधीच भरून आणणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. खरं सांगायचं तर मला सगळ्यांचाच संशय येतो. पेशंट सांगतो त्याच्या निम्मं खरं धरायचं, हे मी कॉलेजात शिकलो होतो. उरलेल्या निम्म्यावरही विश्वास ठेवायचा नाही, हे नोकरीत शिकत होतो. त्यामुळे जमादारांचा मास्तरांवर काही जुना राग आहे का, असं माझ्या मनात आलं. आणि लगेच असंही आलं, की बायको गेल्यावर एकटा पडलेला माणूस बाटलीला लागला तर त्यात नवल काय? मास्तरांची पत्नी वर्षभरापूर्वी वारली होती, एवढं मला कंपाउंडरकडून कळलं होतं.

“सही नंतर. आधी तपासतो,” मी म्हणालो.

“वास तर घ्या. इथपर्यंत येतोय.”

वास येत होता. हातभट्टीचाच होता, त्यात शंका नव्हती. मी मास्तरांना उभं केलं आणि फरशीच्या रेघेवरून चालायला सांगितलं. दोन पावलांत ते औषधांच्या कपाटाला धडकले. नाव लिहायला सांगितलं. आयुष्यभर मुलांना सुलेखन शिकवलेल्या माणसाने कागदावर नुसत्या किड्यामुंग्या काढल्या. काय झालं म्हणून विचारलं तर जीभ जड. एक शब्द धड कळेना.

जमादार माझ्याकडे पाहून हसले. मी पेन उचललं, हे कबूल करतो.

पण नाडी पाहायची राहिली होती. प्यायलेल्या माणसाची नाडी बहुधा जलद चालते, चेहरा लालसर होतो, कातडी गरम लागते. मास्तरांची नाडी मिनिटाला अठ्ठेचाळीस होती. चेहरा पांढराफटक. हात असा गार, की मी दचकून सोडला. बाहेर बोचरा वारा होता आणि आम्ही सगळे आखडून बसलो होतो. हा माणूस मात्र कुडकुडतही नव्हता. तेच मला खटकलं.

मी तोंडात थर्मामीटर ठेवला. पारा जागचा हलला नाही.

“मोडला असेल, साहेब,” आमचे कंपाउंडर सावंत म्हणाले. सावंत त्याच गावचे, वयाने माझ्या दुप्पट. सरकारी वस्तू मोडलेलीच असणार, अशी त्यांची पक्की समजूत होती. मी तोच थर्मामीटर धुऊन सावंतांच्या तोंडात घातला. साडेअठ्ठ्याण्णव. पुन्हा झटकून मास्तरांच्या तोंडात, या वेळी चांगली पाच मिनिटं. पारा खालीच. ताप मोजायच्या थर्मामीटरवर खुणा पंच्याण्णवपासून सुरू होतात, कारण त्याच्या खालचा माणूस सहसा कुणी मोजत नाही. मास्तर त्याच्या खाली होते. शरीर इतकं गार पडलं की मेंदूही मंदावतो. जीभ अडखळते, तोल जातो, माणूस बरळतो. लांबून पाहणाऱ्याला तो झिंगलेलाच दिसतो.

“शेगडी आणा,” मी सावंतांना म्हणालो आणि मास्तरांच्या कोटाची बटणं काढायला लागलो. कोट आतून ओला. सदरा ओला. ओल्या अंगावरच कपडे चढवले होते. सावंतांनी निखाऱ्यांची शेगडी आणून पायाशी ठेवली, तशी इतका वेळ निपचित बसलेले मास्तर एकदम मागे सरकले. दोन्ही हातांनी शेगडी दूर करू लागले.

“विस्तव... नको. विस्तव नको.”

माझा संशय पुन्हा उलटला. गारठलेला माणूस विस्तवाला का घाबरेल? जमादारांनाही तेच वाटलं असावं. “अंगावर सांडलीय, साहेब. पेट घेईल म्हणून भितोय,” ते म्हणाले.

सावंत मात्र शेगडी उचलून मागे गेले. “माघ चालू आहे, साहेब. मास्तर माघस्नान करताहेत वाटतं. त्यांना विस्तवाशी बसणं वर्ज्य असतं.”

मी घाटावरचा. माघस्नान ऐकून माहीत होतं, पण त्याचे नियम सावंतांनी सांगितले तेव्हा कळले. पोथीप्रमाणे सूर्य उगवायच्या आत थंड पाण्यात उतरायचं. दिवसातून एकदाच जेवायचं. अंग पुसायचं नाही. थंडी वाजते म्हणून शेकायचं तर मुळीच नाही. मास्तर रोज पहाटे देवळामागच्या तळ्यात जातात, हे सावंतांनी पाहिलं होतं. गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून जप करतात. किती वेळ? “पुष्कळ,” सावंत म्हणाले.

आता थर्मामीटरचा अर्थ लागला. वय पंचावन्न, अंगावर मांस नाही, एकभुक्त राहिलेले, आणि पोटात काही नसताना निदान अर्धा तास तरी पाण्यात. वर येऊन ओल्या अंगाने वाऱ्यात उभे. पण तो वास? तो काही तळ्यातून आलेला नव्हता.

मी मास्तरांचं तोंड हुंगलं. तुळशीचा वास. पुन्हा हुंगलं. तुळसच. छातीशी नाक नेलं, तिथे दारू. मग पाय उचलून तळवे हुंगले आणि नाकात झिणझिण्या आल्या. जमादार हेडमास्तरांचे पाय हुंगणाऱ्या सरकारी डॉक्टरकडे पाहत राहिले.

“जमादार, पायांनी दारू पिणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही,” मी म्हणालो. “तुम्ही बाहेर बसा. दोन तासांनी आत या.”

पुढचं काम सोपं होतं, फक्त घाई करायची नव्हती. ओले कपडे काढले, अंग कोरडं केलं. मास्तर पुटपुटले, पण मी ऐकलं नाही. दवाखान्यातली दोन्ही ब्लँकेटं आणि सावंतांची घोंगडी गुंडाळली. हातपाय चोळायचे नाहीत, असं सावंतांना बजावलं, कारण हातापायांतलं गार रक्त एकदम हृदयाकडे ढकलणं धोक्याचं असतं. दारू पाजणं तर त्याहून वाईट. घोटभर प्यायल्यावर ऊब आल्यासारखी वाटते, पण कातडीतून उरलीसुरली उष्णता निघून जाते. प्रश्न राहिला शेकण्याचा. मी औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरलं, फडक्यात गुंडाळल्या आणि मास्तरांना विचारलं, “हा विस्तव नाही, पाणी आहे. पाणी चालतं ना?”

मास्तरांनी बराच वेळ विचार केला. मग मान हलवली. बाटल्या काखेत आणि पोटाशी ठेवल्या. अर्ध्या तासाने ते कुडकुडायला लागले आणि मला बरं वाटलं. शरीर आपलं काम पुन्हा करू लागलं होतं. गिळता येतंय हे पाहून चमच्याने गरम साखरपाणी दिलं.

मी हात धुवायला बाहेर आलो, तर पायरीवर एक कोळी बसलेला. हिरू तांडेल, स्वतःच्या होडीवरचा मुख्य माणूस. खोकल्याचं औषध पाहिजे म्हणाला. मी पाच मिनिटं उभा होतो, तेवढ्यात तो एकदाही खोकला नाही.

“मास्तर बरं हाय ना?” त्यानेच विचारलं.

“मास्तर आत आहेत हे तुला कसं ठाऊक?”

“सगल्या गावाला ठावं हाय.” मग बाहेरच्या बाकावर बसलेल्या जमादारांकडे पाहून तो आवाज उतरवून म्हणाला, “मी काय बघला न्हाय, डाक्टर. मना काय म्हाईत न्हाय. पन गारठलेल्या मानसाला कोनी पाय चोलून दिलं, त काय गुन्हा हाय?”

म्हणजे तळ्याकाठी मास्तरांना दारू चोळणारा हाच. दारू जवळ बाळगणं हा गुन्हा होता. तीही हातभट्टीची. खरं सांगितलं तर हा तुरुंगात जाणार, नाही सांगितलं तर मास्तरांची नोकरी जाणार. म्हणून तो बिचारा खोकल्याचं औषध मागत बसला होता. मी त्याला खरंच औषध दिलं.

साडेनऊला पारा सत्त्याण्णववर आला. मास्तर स्पष्ट बोलू लागले. मी कागद पुढे केला. त्यांनी मोत्यासारख्या अक्षरात नाव लिहिलं. जमादार आत आले.

“मास्तर, पायाला दारू कुणी लावली?”

मास्तर छताकडे पाहू लागले. “ते मी सांगणार नाही. खोटं बोलायचं तर माघ संपेपर्यंत थांबावं लागेल.”

“डॉक्टरसाहेब, ऐकलंत? म्हणजे काहीतरी लपवताहेत.”

“लपवताहेत, हे उघड आहे,” मी म्हणालो. “पण ते फॉर्ममध्ये विचारलेलं नाही.”

जमादारांनी भरलेला फॉर्म मी फाडला आणि नव्यावर पाहिलं तेवढंच लिहिलं. तोंडाला मद्याचा वास नाही. छातीला व तळव्यांना आहे. तापमान मोजता आलं नाही इतकं कमी. तोल व वाचा ऊब मिळाल्यावर पूर्ववत. खाली सही. जमादार तो कागद घडी करून, माझ्यावर आयुष्यभर संशय घेणार अशा चेहऱ्याने निघून गेले.

मग मी मास्तरांना रागावलो. चांगलाच रागावलो. त्यांनी ऐकून घेतलं.

“ही बावीस वर्षं माघस्नान करत होती,” ते म्हणाले. “मागच्या वर्षी नऊ दिवस राहिले असताना गेली. ते नऊ मी पुरे करतोय. आज पाचवा. चार सोडायला सांगू नका.”

“सोडू नका. पण मग माझ्या अटी. तळ्यात एकट्याने उतरायचं नाही. काठावर जागा माणूस हवा. एकदम उडी नाही. पाच मिनिटांच्या वर पाण्यात नाही. वर आल्यावर आधी अंग कोरडं, मग जप. आणि शेकायचं.”

“पोथीत तसं नाही.”

“वहिनी कशा करत होत्या?”

“ती तळ्यावर जायची नाही. परसात विहिरीचे दोन तांबे अंगावर घ्यायची, की झालं.”

“आणि शेकत नव्हत्या?”

“नाही. ती लगेच चुलीशी...” मास्तर थांबले. “मला साडेपाचला चहा लागायचा,” ते म्हणाले, आणि ब्लँकेटमध्ये तोंड घालून हा माणूस ढसढसा रडला. मी आणि सावंत बाहेर जाऊन उभे राहिलो.

मास्तरांनी माझ्या अटी मान्य केल्या, पण माझा विश्वास बसला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे मी तळ्यावर गेलो. तळं रिकामं होतं. दुसरीकडे कुठे उतरले की काय, म्हणून तडक त्यांच्या परसात गेलो. हिरू तांडेल विहिरीच्या कठड्याशी कोरडा पंचा घेऊन उभा होता. त्याच्याजवळ बाटली नाही ना, हे मी पाहून घेतलं. मास्तरांनी दोन तांबे अंगावर घेतले, अंग पुसलं आणि आत जाऊन चुलीवर आधण ठेवलं. आम्हा दोघांनाही चहा दिला. चहा त्यांना अजिबात जमत नव्हता.

पुढच्या नोकरीत थंड पाण्याने गारठलेली पाच-सहा माणसं तरी मी पाहिली. त्यांतलं एकही पाण्यात असताना कोसळलं नव्हतं. वर आल्यावर, आता सुटलो असं वाटून ओलेत्याने उभं राहिल्यावर ती कोसळली. म्हणून थंड पाण्यात उतरणाऱ्याला मी पाण्याबद्दल फार विचारत नाही. बाहेर आल्यावर चहा कोण देणार आहे, तेवढं विचारतो.