मगदूमचं आमंत्रण

दुपारचे चार वाजत आलेत. एक्स-रे विभागातली माझी सकाळपाळी संपली आहे. अकोल्याचं ऊन खिडकीशी येऊन बसलंय आणि कूलर पाण्यावाचून नुसताच गरगरतोय. उठून पाणी भरायला हवं. कानांवर हेडफोन, डोकं कीबोर्डच्या कडेला टेकवलेलं. पाचच मिनिटं, असं मी स्वतःला सांगतो. रोजच सांगतो.

स्क्रीनवर माझा तिरंदाज टेकडीवर एकटाच उभा आहे. हजारो माणसं एकाच वेळी खेळतात असा हा ऑनलाइन गेम. बहुतेक जण पाच-पाच जणांचा ग्रुप करून राक्षसांवर चालून जातात. मी सात वर्षं सोलो. ग्रुप म्हटला की ऐन लढाईत कुणाची तरी बायको जेवायला हाक मारते, कुणाचं नेट जातं, आणि बाकीच्यांनी फुकट मरायचं. त्यापेक्षा आपण बरं, आपलं काम बरं.

खाली नदीकाठी कुणीतरी येऊन उभं राहतं. डोक्यावर नाव, मगदूम. आता आमंत्रण येईल. रोज याच वेळेला येतं. एंटर दाबलं की होकार, एस्केप दाबलं की नकार. माझ्या एस्केपवरची अक्षरं पुसून गेली आहेत.

अभी, म्हणजे अभिनंदन मगदूम, जयसिंगपूरचा; ओळख या गेममधलीच. आठ महिन्यांपूर्वी किडन्या निकामी होऊन गेला. आता त्याच्या नावानं त्याचे वडील, अण्णा, खेळतात, असं त्याच्या ग्रुपमधल्या एकानं कळवलं. खेळतात कसले, सरळ चालत सुटतात आणि पूल सोडून नदीत बुडतात. अभीचा ग्रुप तो गेल्यावर पांगला. त्याच्या मित्रांच्या यादीत अजून खेळणारं नाव माझं एकट्याचं उरलं, म्हणून आमंत्रण मला. पण ते नाव दिसलं की माझं बोट आपोआप एस्केपवर जातं.

"का रं, झोपलास व्हय?"

आवाज हेडफोनमधूनच येतो. मान वर करतो तर आम्ही स्टँडसमोरच्या खानावळीत बसलोय, जिथे मी रोज जेवतो. समोर अभी. आवाज त्याचा, अंगावरचं चिलखतही त्याचंच, सगळ्यांच्या पुढे उभं राहून मार खाणाऱ्याचं. चेहरा मात्र दिसत नाही. आम्ही कधी भेटलोच नाही, तर मी चेहरा आणू कुठून?

"तू तं गेला ना बाप्पा," मी म्हणतो.

"गेलो की. पण जेवाय काय हरकत हाय?" तो माझ्याच ताटातली भाकरी मोडतो. "एवढा सोलो हाईस, तर घरात का जेवत न्हाईस?"

"एकट्यासाठी कोण गॅस पेटवते? अन् इथं चार माणसं दिसतात."

"गाव करी ते राव न करी, म्हणतोय ते उगंच न्हाई."

"मले म्हणी नको शिकवू. तुयं गाव कुठी गेलं मग? पांगलं सारं. राहिला हा रावच."

"त्येच तर सांगालोय," तो म्हणतो. "तू राहिलास. आणि अण्णा."

वाढपी वरणाची बादली घेऊन आत जातो. त्यानं ढकललेल्या दारापलीकडे मुदपाकखाना नाही, नदी आहे. पाणी आमच्या टेबलाखाली येतं. मधोमध गळ्यापर्यंत बुडालेला एक म्हातारा माणूस सरळ चालतोय.

"वळायचं बटण त्येंना म्हाईत न्हाई," अभी म्हणतो. "मी कवा शिकवलंच न्हाई. मी खेळाय बसलो की ते मेन स्विच बंद करायचे."

"मंग आता काऊन खेळून राहिले?"

"पोरगं रोज कुठं जात हुतं, ते बघाय."

पाणी गार लागतं. मी पाय मागे घेतो, तर पायाखाली माझ्या एक्स-रेच्या खोलीची फरशी. अभी टेबलावर पडलाय, चिलखत खाली काढून ठेवलंय. छाती अगदी बारीक. मी सवयीनं शिशाच्या काचेमागे जातो. माझं कामच ते, माणसाला एकटं ठेवायचं आणि आपण काचेमागे उभं राहायचं.

"श्वास घ्या," मी म्हणतो. "रोखा."

तो रोखतो. मी बटण दाबतो. पुढचा शब्द दिवसातून साठ वेळा म्हणतो मी, पण आता तो तोंडातून बाहेर पडत नाही. सोडा म्हटलं की अभी जाणार, हे मला पक्कं ठाऊक आहे.

"शेवटचं आमंत्रण तू धाडलं होतं," मी काचेमागूनच बोलतो. "मी 'उद्या पाहू' लिहिलं. दुसऱ्या दिवशी तू आयसीयूत. लय वाईट वाटते रे अभी. अजून वाटते."

"म्हाईत हाय." श्वास रोखलेला माणूस बोलतो कसा, याचं मला काहीच वाटत नाही. "दवाखान्यातनंच धाडल्यालं ते. तू न्हाई म्हणणार, हे बी म्हाईत हुतं. पण टेकडीवर दिसलास, बरं वाटलं. अण्णांना तेवढं बी कोण दिसत न्हाई. आता सोडा म्हण की रं. दम लागालाय."

नियम मोडून मी काचेमागून बाहेर येतो आणि त्याच्या छातीवर हात ठेवतो. छाती उबदार आहे.

"सोडा," मी म्हणतो.

तो श्वास सोडतो, आणि तो श्वास लांबतच जातो, कूलरच्या घरघरीएवढा.

जाग येते. तोंडाला कोरड पडलीय, गाल कीबोर्डवर दाबला गेलाय. चाचपून पाहतो, तर गालावर एक लांबट चौकोनी वळ उमटलाय. मी खाली बघतो. गालाखाली एंटर होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात, जिथे सात वर्षं एकच नाव दिसायचं, तिथे आता दोन नावं आहेत.

हेडफोन खरखरतो.

"हॅलो," एक म्हातारा आवाज येतो, घाबरत घाबरत. "कोन हाय का तिकडं? अभीचा दोस्त काय तू? मला ह्यो पूल गावंना बघ."

बोट एस्केपपाशी पोचलेलं आहे. मी ते उचलून घेतो.

"थांबा अण्णा," मी म्हणतो. "पाण्यात नका जाऊ. मी येऊन राहिलो."