साहेबांसाठी केलेली वाट

मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण माझ्याकडे बघूनच कोणीतरी केली असावी. अहिल्यानगरच्या स्टँडवर संगमनेरची गाडी लागेपर्यंत मी घरी दोनदा फोन करून गॅस बंद आहे ना, हे विचारून घेतलं होतं. पण खरी धास्ती वेगळीच होती. भंडारदऱ्याच्या पलीकडे, डोंगरातल्या एका वाडीत माझी मैत्रीण मंगल अंगणवाडी सेविका आहे. त्या वाडीला सरकारकडून नवी शाळा मिळण्याची शक्यता निर्माण झाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षण विभागाचे साहेब पाहणीला येणार होते. अर्ज मी लिहून दिला होता. जन्म सरकारी कचेरीत कारकुनी करण्यात गेला, तेवढं तर यायलाच हवं. पण त्यात काही राहून गेलं असेल तर? आठवडाभर मला धड झोप नव्हती.

तुम्ही जाणार असाल तर संगमनेर, अकोले, राजूर असा एसटीचा रस्ता धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे. राजूरला उतरून पेढे घ्याच. पुढे जीप. पन्नास रुपये घेतात आणि भरल्याशिवाय हलत नाहीत. मी टायर वाकून पाहिला तर ड्रायव्हर हसला. "मावशी, टायर जुना हाय पन ओळखीचा हाय. बसा."

फेब्रुवारीतलं ऊन उतरताना धरणाचं पाणी अगदी निवांत दिसतं. फोटो काढले, पण सगळे हलले.

जीप ओढ्यापलीकडच्या गावापर्यंतच जाते; तिथून पुलावरून चालत वाडीत पोचले तेव्हा मंगल वाट बघत उभी होती. चहाआधीच तिने मला खाचराकडे नेलं. भात काढून मोकळ्या झालेल्या त्या शेतातून एक नवी कोरी वाट गेली होती. करवंदीच्या जाळ्या तोडलेल्या, बांध सपाट केलेला, ओढ्यात पाय ठेवायला दगड मांडलेले. साहेब पलीकडच्या गावच्या शाळेपाशी गाडी लावणार आणि तिथून वाडीत चालत येणार, म्हणून सगळी वाडी तीन दिवस खपली होती.

"तूच म्हणाली होतीस ना, साहेब लोक चालायला लागलं की चिडतात?" मंगल म्हणाली.

म्हणाले होते खरी. मी वाटेचं तोंडभर कौतुक केलं.

शेत ज्यांचं, ते गंगाराम बाबा बांधावर बसले होते. त्यांची नात तनू पहिलीत आहे. गेल्या पावसाळ्यात त्या पलीकडच्या शाळेला जाताना हाच ओढा तिला घेऊन चालला होता, दप्तराचा पट्टा एका बाईच्या हाती लागला म्हणून पोर वाचली. पुलावरचा रस्ता लांबचा, दीड किलोमीटरच्या वर, आणि एवढ्याशा पोरांना रोज कोण सोडणार? बाबांनी तिला पावसाळाभर घरीच ठेवलं. "साळा हितं झाली म्हंजी मी सुटलो," ते म्हणाले.

रात्री नागलीची भाकरी आणि हुलग्याचं पिठलं. तुम्ही गेलात तर मागून खा.

सकाळी साहेब आले. वाडीकर त्यांना त्या गावच्या शाळेपासून मोठ्या मानाने खाचरातून घेऊन आले. साहेब तरुण होते, चांगले बोलले, अजिबात चिडले नाहीत. नारळपाणी पिऊन झाल्यावर त्यांनी मोबाईल पुढे धरला. निघतानाच त्यांनी अंतर मोजायला लावलं होतं.

"आठशे साठ मीटर," ते म्हणाले. "एक किलोमीटरच्या आत शाळा असेल तर नवी देता येत नाही. अर्जात तर तुम्ही दीडच्या वर लिहिलंय."

आपल्याच हातांनी पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि धोंडा उचलून द्यायला मी होते. सगळे एकदम बोलू लागले. पावसात हितं गुडघाभर चिखूल आसतो, ओढा लई वढतो, ही वाट तुमच्यासाठी क्येली व्हती! साहेबांनी ऐकून घेतलं.

"मला पटतंय. पण मी दिसलं ते लिहिणार. इथून वहिवाट नाही, मी कोणाला जाऊ देत नाही, असं शेतमालकाने लिहून दिलं तर पुलावरून मोजतो."

सगळ्यांच्या नजरा बाबांकडे वळल्या. शहरात हे दोन मिनिटांचं काम. पण त्या वाडीत आजवर कोणी कोणाला आपल्या शेतातून जायला 'नको' म्हटलेलं नाही, हे मला मंगलने कानात सांगितलं. बाबांनी टोपी काढून झटकली. मला वाटलं, आता उठून जातील. मी देवाला नवससुद्धा बोलले.

"माझ्या बापानं कुनाला आडवलं न्हाई," शेवटी ते म्हणाले. "आन मी लिव्हून द्यायचं?"

तनू त्यांच्या मांडीला टेकून पेढा खात होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पेन मागितलं. कागद मीच लिहिला. सही तेवढी त्यांना येत होती. ती त्यांनी सावकाश, अक्षर अक्षर पाहत केली. साहेब परत जाताना पुलावरून गेले, मोजत. प्रस्ताव पुढे पाठवतो, एवढंच म्हणाले.

येताना राजूरला थांबले, पण पेढे घ्यायचं सुचलं नाही. घरी आल्यावर गॅसचीही आठवण झाली नाही. एका भल्या माणसाकडून मी हे काय लिहून घेतलं, एवढंच डोक्यात होतं. शाळा नाहीच मिळाली तर तो कागद तसाच राहणार.

वीस दिवसांनी मंगलचा फोन आला. मंजुरीचं अजून काही कळलेलं नाही. पण खाचरातून आता कोणीच जात नाही, म्हणाली. ओढ्यात पाणी नावाला उरलंय, तरी पोरं, बाया, डोक्यावर मोळी असली तरी सगळे पुलावरून जातात. बाबांचं लिहिलेलं खोटं पडायला नको म्हणून.

"आणि बाबा?" मी विचारलं.

"तेही पुलावरूनच. मी म्हटलं, बाबा, तुमचंच शेत आहे की. तर म्हणाले, सही बी माझीच हाय."