देवीचा अवसर आणि कणकवलीच्या डॉक्टरीणबाई
माझ्या अंगात देवी येते, हे आमच्या वाडीत माझ्याआधी शेजारणीला कळलं. नारळ खवता खवता छाती धडधडायला लागली, डोकं फुटायची वेळ आली, घामाने पातळ भिजलं आणि मी पांढरीफटक पडले. सासूबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावून हात जोडले. शेजारीण तर समोर बसून मुलासाठी विचारू लागली, "माये, माझ्या झिलाक नोकरी खंय गावतली?" तोंडातून शब्द फुटत असता, तर चांगलीच नोकरी सांगितली असती तिला!

वर्षभर हे असंच चाललं. अंगात आलेला अवसर ओसरला की मी ठणठणीत, ब्लडप्रेशरही बरोबर. काळजी कमी करा, असं दोन डॉक्टर म्हणाले. मला मात्र दर वेळी वाटायचं, आता काही मी उठत नाही.

शेवटी नवऱ्याने कणकवलीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नेमकं कधी होतं?" मी म्हटलं, कधीही. सोबत आलेल्या सासूबाई फटकन म्हणाल्या, "कधीय नाय. विळयेर वाकान नारळ खवूक बसली काय येता. उभ्यान कधी येवक नाय." देवीच्या मानपानात चूक नको, म्हणून त्यांनी प्रत्येक अवसर ध्यानात ठेवला होता. मी चिडले. डॉक्टरीणबाईंनी मात्र पेन खाली ठेवलं, दंडाला पट्टा बांधला आणि मला पुढे वाकून बसायला सांगितलं. थोड्याच वेळात धडधड सुरू झाली आणि प्रेशर दुपटीला गेलं.

मग चोवीस तासांची लघवी डब्यात जमवली, पोटाचा स्कॅन झाला. डाव्या मूत्रपिंडावरच्या इवल्याशा ग्रंथीत लिंबाएवढी गाठ निघाली. वाकलं की ती दाबली जायची आणि रक्तात नको तेवढं हार्मोन सोडायची. "हे न कळता दुसरं कुठलं ऑपरेशन झालं असतं, तर टेबलावरच जीव गेला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आधी काही आठवडे प्रेशर उतरवायच्या गोळ्या, भरपूर पाणी आणि गोळ्यांनी सैलावलेल्या रक्तवाहिन्या भरून याव्यात म्हणून चक्क जास्तीचं मीठ. मगच गोव्यात गाठ काढली.

शुद्धीवर आले तेव्हा सासूबाई उशाशी होत्या. ज्यांच्या भाबडेपणावर वर्षभर तोंडसुख घेतलं, त्यांच्यामुळेच मी वाचले होते. लाज वाटली, रडूही आलं. म्हटलं, "आई, आता देवी येवची नाय हां."

त्यांनी पदराने माझे डोळे पुसले. "नाय तर नाय. तू इलंस मां परत?"