एकाच यादीच्या तीन प्रती

कंपू मोहल्ल्यातलं मराठी वाचनालय आमच्या जयेंद्रगंजच्या वाचनालयात विलीन झालं, तेव्हा पुस्तकांबरोबर तिथल्या ग्रंथपाल काकूही आल्या. कॉम्प्युटर नवा घेतला. यादीचा प्रोग्रॅम मात्र जुनाच, मी वीस वर्षांपूर्वी लिहिलेला.

तीन आठवड्यांनी सेक्रेटरींनी मला बोलावलं. "काकू म्हणतात, चारशे बारा पुस्तकं चढवली. मला त्यातलं एकही दिसत नाही. संध्याकाळी बैठक आहे, हे काम दुसऱ्या कोणाकडे द्यावं लागेल."

काकू शेजारीच होत्या. "म्हणजे मी इथे पंख्याची हवा खायला येते? झूठ बोलतेय मी?"

मी दोघांनाही आपापल्या नावाने कॉम्प्युटर उघडायला लावला. विलीनीकरणाआधी यादीत २९०६ पुस्तकं होती. काकूंकडे ३३१८ दिसली, सेक्रेटरींकडे २९४३. म्हणजे काकूंची ४१२ होतीच. सेक्रेटरींनी स्वतः चढवलेली ३७ मात्र काकूंना दिसत नव्हती.

आमच्या मंडळींचे पूर्वज इथल्या संस्थानच्या दरबारात कारकून. दुसऱ्याच्या वहीत लिहायचं नाही, ही सवय अजून सुटलेली नाही. म्हणून एकाच कॉम्प्युटरवर प्रत्येकाने स्वतःच्या नावाचं वेगळं खातं मागून घेतलं होतं. माझा प्रोग्रॅम यादी स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहितो. नवी सिस्टिम तिथे कोणाला लिहू देत नाही. पण जुना प्रोग्रॅम अडू नये म्हणून ती गुपचूप प्रत्येकाला यादीची खासगी प्रत करून देते. डिस्कवर शोधलं तर एकाच नावाच्या तीन फाइली निघाल्या: मूळ, काकूंची, सेक्रेटरींची. चूक माझीच, नव्या मशीनवर मी एकाच खात्यातून तपासणी केली होती.

प्रोग्रॅम दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला, जिथे सगळ्यांना एकाच फाइलमध्ये लिहिता येतं, आणि याद्या जोडल्या. एकूण ३३५५. सेक्रेटरी स्वतःच्या खात्यातून पाहत म्हणाले, "काकू, आली तुमची पुस्तकं."

"आली नाहीत. होतीच."

एक अडचण उरली. दोघांनीही २९०७ पासून क्रमांक दिले होते, त्यामुळे ३७ क्रमांक दोनदा पडले होते. कोणाच्या तरी पुस्तकांवरच्या चिठ्ठ्या बदलणं भाग होतं. काकूंनी सेक्रेटरींकडे पाहिलं.

"बरं बाबा, माझ्या बदलतो," ते म्हणाले.

बैठक वीस मिनिटं उशिरा सुरू झाली, कारण सेक्रेटरी ओल्या फडक्याने चिठ्ठ्या सोडवत बसले होते आणि काकू ३३१९ पासून पुढचे आकडे सांगत होत्या. काम दुसऱ्याकडे देण्याचा विषय कोणी काढलाच नाही.